शकू चार वाजता बोलायची

सुरुवातीलाच सांगते — असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. माझे वडील इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवायचे. मांजर आडवं आलं तर ते थांबून मांजरालाच "जा बाई, आधी तू" म्हणायचे आणि मग आपल्या वाटेने जायचे. अशा घरात वाढलेली मी. या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते, कुणाला पिंपळाखाली कोणी दिसतं, कुणाच्या स्कूटरवर मागे कोणीतरी येऊन बसतं... आणि वाचून झालं की खुशाल टिंगल करते.

माझ्या अनुभवात पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही, अमावास्या तर नाहीच नाही. दुपारचे चार वाजलेले, भर वस्तीतलं घर, आणि अडीच वर्षांची एक पोर, जिचं तोंड सकाळी उघडलं की झोपेतच मिटायचं. घाबरण्यासारखं यात काही नाही. लाज वाटण्यासारखं मात्र आहे, आणि ते सगळं माझ्या वाट्याचं आहे.

गोष्ट मध्यभारतच्या दिवसांतली. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं — मध्य प्रदेश व्हायच्या आधी काही वर्षं आमचं राज्य मध्यभारत होतं, आणि त्याला राजधान्या दोन होत्या. दोन्ही जुन्या संस्थानांची मनं राखायची, म्हणून उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. आमचे हे सचिवालयात रेकॉर्डला कारकून होते. दिवाळी झाली, तिकडे गौतमपुऱ्याच्या लुटुपुटीच्या लढाईत दारू भरलेले हिंगोट उडाले, की इकडे कचेरीत फायलींच्या पेट्या सुतळीने बांधायला लागायचे. फायली निघाल्या की त्यांच्यामागून कारकून निघायचे, ते एप्रिलात परत. काही जण बायकापोरांना घेऊन जात. आमच्या सासूबाईंना दमा, ग्वाल्हेरची थंडी त्यांना सोसली नसती, म्हणून त्या, मी आणि आमची शकू इंदुरात राहायचो. राजवाड्यामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीला गजांची खिडकी, आणि खिडकीचा कट्टा इतका रुंद की लहान मूल आरामात मांडी घालून बसेल. तो कट्टा महत्त्वाचा आहे.

आता यांच्याबद्दल. हे म्हणजे घुमे. "चहा", "येतो", "उद्या लवकर जायचंय" — दिवसाचे मोजून दहा-बारा शब्द, त्यातले निम्मे आईशी. लग्नाला चार वर्षं झाली तरी या माणसाच्या मनात काय चाललंय याचा मला थांग नव्हता. आणि हाच माणूस पोरीला मांडीवर घेतली की — अहो, काय सांगू! शकू दोन महिन्यांची असल्यापासून हे तिला कचेरीतल्या साहेबाच्या नकला करून दाखवायचे. हे बोलताहेत, ती हुंकार देतेय. शेजारच्या टेबलावर कोण बसतं, कुणाच्या डब्यातली भाजी कुणी पळवली, हे सगळं मला स्वैपाकघरातून कान देऊन कळायचं. एकदा हसू आवरेना म्हणून मी दारात येऊन उभी राहिले, तर हे एकदम गप्प झाले. "काही हवंय का?" म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या पोटच्या पोरीचा हेवा वाटला. लिहायला बरं वाटत नाही, पण वाटला.

पुढे शकूचा पहिला शब्द आला, तोही "बाबा". नऊ महिने वागवली मी, रात्री जागवल्या मी, आणि पहिला शब्द बाबा! सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाबा म्हणायला सोपं पडतं बच्च्यांना." मी म्हटलं, "आणि 'आई'ला काय कष्ट पडतात?"

त्या वर्षी हे ग्वाल्हेरला गेले आणि आठ-दहा दिवसांतच शकूला खरी वाचा फुटली. फुटली म्हणजे धरणच फुटलं. सकाळी डोळे उघडले की, "आई, शकू उथली." मग चहा का गलम, दिवा का गेला, आजी का खोकते, कावळा आंघोळ का नाही करत. पीठ मळताना पिठाशी बोलायची, वरण सांडलं की वरणाला रागवायची. एकदा हातोदकडचा आमचा दूधवाला दारात उभा, आणि ही कमरेवर हात ठेवून त्याला म्हणते, "पाणी नको घालू. आजी ललते." सासूबाई त्याच्या माघारी रोज दुधाच्या नावाने रडायच्या, तेच हिने त्याच्या तोंडावर सांगितलं! तो बिचारा शपथा घ्यायला लागला, "बाई, म्हारो दूध असल है!" आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून आत पळालो. कौतुक होतंच. पण संध्याकाळ झाली की माझे कान किटायचे आणि डोकं भणभणायचं, हेही खरं. ज्यांच्या घरात बोलायला लागलेलं मूल आहे त्यांना हे सांगायला नको.

दुपारची झोप झाली की ती खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसायची. चारच्या सुमाराला. तिथे बसली की तिचं बोलणं वेगळं असायचं. एरवी ती आपली एकटीच बडबडत सुटायची, इथे मात्र थोडं बोलायची, मग थांबायची, मान वाकडी करून बसायची, मग खुदकन हसायची. समोर कोणी नाही. "कोणाशी बोलतेस गं?" विचारलं की, "बाबाशी." मी म्हटलं, ठीक आहे, खेळतेय.

एके दिवशी तिथूनच ओरडली, "आई, बाबाचा चष्मा फुतला! एकच डोळा!"

पाचव्या दिवशी पोस्टमन आला. "भाभीजी, ग्वालियर का कार्ड!"

या कार्डांबद्दल सांगायला हवं. तेव्हा आमच्यासारख्या घरात मुलगा परगावाहून पत्र लिहायचा ते आईला. बायकोला वेगळं, बंद पाकीट पाठवणं म्हणजे अगदी निर्लज्जपणा. सासूबाईंना वाचता येत नसे, म्हणून त्यांचं कार्ड मीच मोठ्याने वाचायची. "तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार" इथपासून थंडी, दम्याचं औषध, आणि शेवटी "चि. शकूस गोड गोड पापा. चि. सौ. विमलला आशीर्वाद." पोरीला पापा आणि मला आशीर्वाद! आणि तो आशीर्वाद माझा मीच खणखणीत आवाजात वाचायचा, सासूबाईंना ऐकू जाईल असा. उत्तरही सासूबाई सांगायच्या आणि मी लिहायची. त्यात माझं एक अक्षर नसे. "इकडील सर्व क्षेम" की झालं.

तर त्या कार्डात होतं, "चष्म्याची एक काच फुटली. तूर्त एका डोळ्याने काम चालवतो."

मी तारीख पाहिली. शकू बोलली त्याच दिवशीची.

योगायोग, म्हटलं मी. मग पुढच्या आठवड्यात, "माऊ बाबाच्या पेतीत. पिल्लू, पिल्लू, पिल्लू." कार्ड आलं, मांजरीने कपड्यांच्या पेटीत तीन पिल्लं घातली आहेत, हलवता येत नाहीत. आता मात्र मी गणिताच्या मास्तरांची मुलगी झाले. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि शकू कट्ट्यावर जे बोलेल ते त्याच्या मागे पेन्सिलीने तारीखवार लिहायला लागले. छत्री हरवली. पाय घसरला, गुडघा खरचटला. साहेब बदलला. एकेक कार्ड येत गेलं आणि मी एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत गेले. सगळंच कार्डात येत नसे, पण जे येई ते शकूने आधीच सांगितलेलं असे. मुद्दाम विचारलं, "शकू, बाबा आत्ता काय करतोय?" तर मात्र "बिस्कूत दे" यापलीकडे उत्तर नाही.

वडिलांना दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "नाणं पाच वेळा छापा पडलं म्हणून त्यात जीव येत नाही, विमल." सासूबाई म्हणाल्या, "बच्ची आहे ती, बापाची याद येते तर बोलून राहिली. तू कशाला पोलिसासारखी तिच्या मागे लागून राहिली?"

खरं सांगू? मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो जळफळाट. मला दहा दिवसांनी एका ओळीचा आशीर्वाद, आणि ही टीचभर पोर रोज चार वाजता माझ्या नवऱ्याशी गप्पा मारते! गुडघा खरचटला तर ते हिला कळतं. मी त्याच घरात, त्याच खिडकीपासून चार हातांवर तांदूळ निवडत बसलेली, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. एकदा ती खाली उतरल्यावर मी हळूच कट्ट्यावर बसून पाहिलं. गजांना कान लावला. खाली सेव-फरसाणाच्या दुकानात कढई चुरचुरत होती, टांगेवाले भांडत होते. एवढंच. समोरच्या माडीवरची बाई माझ्याकडे टकामका बघायला लागली तेव्हा उतरले.

आणि मग त्या बोलण्यात मावशी आली.

"मावशी बाबाला गलम पोळी देते." ठीक, खानावळ असेल. "मावशीचे केस हे एवधे लांब." बरं. "बाबा मावशीला गोष्ट सांगतो. मावशी हसते. बाबा हसतो."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. बाबा गोष्ट सांगतो? हा माणूस? चार वर्षांत ज्याने मला साहेबाचं नाव सांगितलं नाही, तो तिकडे लांब केसांच्या बाईला गोष्टी सांगून हसवतोय?

त्या दिवसापासून माझी मती फिरली. अडीच वर्षांच्या पोरीला मी बत्तासे दाखवून उलटतपासणी घ्यायची. मावशी गोरी आहे का? काका आहेत का तिथे? बाबा मावशीला काय म्हणतो? शकू बत्तासा खायची आणि मावशीच्या केसांवरच अडून बसायची. रात्री अंथरुणात मी मनातल्या मनात पत्रं लिहायची, तिखटजाळ. पण पाठवणार कशी? आमच्या घरातून जाणारं प्रत्येक कार्ड "चि. दत्तूस अनेक आशीर्वाद" असं सुरू व्हायचं आणि ते सासूबाईंचं असायचं.

संक्रांत झाली आणि ग्वाल्हेरहून पार्सल आलं. तिळगूळ, आणि लाल लोकरीची एक टोपी. सोबत चिठ्ठी: "टोपी खानावळीच्या बाईंनी शकूसाठी विणली आहे." म्हणजे मावशी होती. माझ्या मनाचे खेळ नव्हते, पोरीची बडबड नव्हती. हाडामांसाची बाई होती आणि माझ्या मुलीच्या डोक्याचं माप तिला माहीत होतं, कारण टोपी अगदी माप घेऊन विणल्यासारखी बसली. माझ्यासाठी पार्सलात काय? आशीर्वाद!

त्याच दुपारी शकू ती टोपी घालून कट्ट्यावर बसली. चार वाजले. ती खिदळायला लागली, टाळ्या पिटायला लागली, "अजून सांग बाबा, अजून सांग!"

मी उठले, तिचा दंड धरून तिला खाली ओढली. टोपी काढून फेकली. "चूप! एकदम चूप! बाबांशी एक अक्षर बोलायचं नाही! आजपासून कट्ट्यावर चढलीस तर याद राख!" माझा आवाज इतका चढला की खालच्या सेववाल्याने मान वर करून पाहिलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं विमल, काय करून राहिली तू?"

शकू रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग टोपी उचलून आजीकडे गेली.

मुलं ऐकत नाहीत म्हणतात... हिने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून बाकी सगळी बडबड चालू, कावळा, पीठ, दूधवाला, सगळं. पण कट्ट्यावर गेली नाही आणि बाबाचं नाव घेतलं नाही. पहिले दोन दिवस मला जिंकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून चार वाजले की माझंच लक्ष खिडकीकडे जायला लागलं. आठवडा गेला, कार्ड नाही. दोन आठवडे गेले, कार्ड नाही. पोस्टमन लांबूनच हात हलवायचा, "आज भी नहीं, भाभीजी." सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मी शकूला मांडीवर घेतलं, टोपी घातली, स्वतः उचलून कट्ट्यावर बसवली. "बोल ना बाळा बाबांशी. बघ ना काय करतोय बाबा."

"नाही," ती म्हणाली. "आई लागावते."

किती विनवलं. बत्तासे दिले, पाया पडायची बाकी राहिले. ती कट्ट्यावरून उतरून गेली.

सतराव्या दिवशी पत्र आलं, बाईच्या अक्षरात. यांना मुदतीचा ताप आला होता. आता उतार आहे, पण अशक्तपणा फार, घरचं कोणी आलं तर बरं होईल. खाली सही, खानावळीच्या बाईंची. वडिलांना घेऊन, शकूला काखोटीला मारून, मी गाड्या बदलत ग्वाल्हेरला गेले.

मावशी दारातच भेटली. तिचे केस खरंच गुडघ्यापर्यंत होते. पस्तिशीची, दिसायला चांगली, बोलायला खणखणीत. नवरा रेल्वेत गार्ड, घरात दोन मुलं, जेवायला सात-आठ कारकून. तिनेच यांना रात्रंदिवस पाहिलं होतं. मी आभार मानणार एवढ्यात तिने शकूची हनुवटी धरली आणि म्हणाली, "हीच ना ती? दूधवाल्याला 'पाणी नको घालू, आजी रडते' म्हणणारी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भाऊजींनी! रोज चहाच्या सुट्टीत येऊन सांगायचे, आज शकू असं म्हणाली, आज शकू तसं म्हणाली. कावळा आंघोळ का करत नाही... आम्ही हसून हसून बेजार. मी म्हणायची, भाऊजी, तुम्हाला घरून रोज पत्र येतं वाटतं?"

रोज पत्र! घरून जाणारं प्रत्येक कार्ड मी माझ्या हाताने लिहिलं होतं. त्यातल्या एकातही दूधवाला नव्हता, कावळा नव्हता. वडील माझ्या मागेच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाण्याचं काही बोलले नाहीत.

हे खाटेवर होते, निम्मे झालेले. शकू त्यांच्या गळ्यात पडली आणि तिथेच मान खुपसून राहिली. ती दोघं तशी असताना मी मधे कुठे उभी राहू ते मला कळेना. वडील बाहेर गेल्यावर हे म्हणाले, "तू हसशील. मला हिचा आवाज यायचा. चार वाजता चहाला बाहेर पडलो की कानाशी बोलायची. मीही मनात उत्तर द्यायचो. इथे थंडी फार... सोबत वाटायची."

"मला का नाही कळवलंत?" मी म्हटलं.

"कसं? आईच्या कार्डात?"

हे गोधडीची दशी ओढत म्हणाले, "मग एके दिवशी आवाज बंद झाला. नंतर ताप आला."

हीच वेळ होती कबूल करायची. पण बाहेर मावशी भांडी लावत होती, तिचे ते केस दारातून दिसत होते, आणि मला ते जमलं नाही. "लहान आहे," मी म्हटलं. "विसरली असेल."

"हो," हे म्हणाले. "विसरली असेल."

शकूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पण चुगली केली नाही. एरवी तोंडात तीळ न भिजणारी पोर ती.

पुढे हे बरे झाले. नंतरच्या हिवाळ्यात सासूबाईंना नणंदेकडे ठेवून मीही ग्वाल्हेरला गेले, पुढचे सगळे हिवाळे गेले. मग मध्यभारतच संपलं, राजधानी भोपाळला गेली, आणि वर्षातून दोनदा पेट्या बांधायचा प्रकार थांबला. शकूला पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. आज तिला त्यातलं काहीही आठवत नाही, ती मला "आई, तू बनवून सांगतेस" म्हणते. कॅलेंडरचा तो कागद पुष्कळ वर्षं माझ्याकडे होता, भोपाळहून इंदुरात परत येताना सामानात कुठे गेला देव जाणे. लोकांनी नाना खुलासे दिले. पोरीने पोस्टमनकडून ऐकलं असेल म्हणावं, तर कार्ड यायच्या आधी पोस्टमनला तरी काय ठाऊक? ग्वाल्हेरहून आलेल्या कुणी कारकुनाने इथे सांगितलं असेल म्हणावं, तर इथलं तिथे कुणी नेलं? मी सगळं तपासून पाहिलं आहे. माझ्याकडे उत्तर नाही.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. मागच्या महिन्यात संध्याकाळच्या चहाला मी यांना याच सदरातला एक अनुभव वाचून दाखवत होते. आता घरात आम्ही दोघंच. वाचून झालं, मी नेहमीसारखी हसले, हे हसले नाहीत. म्हणाले, "आपलं काय मग?" आणि मला काय वाटलं कोण जाणे, इतकी वर्षं जे गिळून बसले होते ते तोंडातून बाहेर आलं.

"तुम्हाला तिचाच तेवढा आवाज यायचा? माझा कधीच आला नाही?"

यांनी बशीतला चहा संपवला.

"आला होता की. एकदा."

"काय म्हणत होते मी?"

"जाऊ दे ना आता."

"सांगा."

"'बाबांशी एक अक्षर बोलायचं नाही,'" हे म्हणाले. अगदी माझ्याच सुरात.

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. ग्वाल्हेरची खाट, गोधडी, "विसरली असेल" — सगळं एकदम अंगावर आलं. तेव्हाही यांना माहीत होतं. "मग तेव्हाच का नाही बोललात? भांडला का नाहीत माझ्याशी?"

"तू रडत होतीस ना," हे म्हणाले. "ओरडलीस ते नंतर. आधी किती तरी वेळ नुसतं तुझं रडणं येत होतं. मला वाटलं, हिला माझी एवढी आठवण येते... हे मला कुठल्याच पत्रातून कळलं नव्हतं."

मी ती दुपार पुन्हा पुन्हा आठवून पाहते आहे. शकूचा दंड आठवतो, लाल टोपी आठवते, वर बघणारा सेववाला आठवतो. मी रडले होते हे मला आठवत नाही.